खरा प्रश्न दुपारचा

दिवाळीची सुट्टी संपली की शहरातल्या घरांमध्ये पुढच्या जूनची बोलणी सुरू होतात. मूल अडीच-तीन वर्षांचं झालेलं असतं, आसपासच्या दोन-तीन शाळांची माहितीपत्रकं घरात येऊन पडलेली असतात आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो : सकाळचे तीन तास पाठवायचं, की संध्याकाळपर्यंत ठेवायचं? आजीला वाटतं, एवढंसं पोर दिवसभर परक्या माणसांत कसं राहील. आईबाबांची ऑफिसं साडेसहाला सुटतात आणि पुढे तासभर लोकल किंवा ट्रॅफिक. शेजारची एक जण सांगते, फुल डेची मुलं लवकर तयार होतात. दुसरी सांगते, ती हट्टी होतात. शेवटी बऱ्याच घरांत फी आणि व्हॅनचा रस्ता पाहूनच निर्णय होऊन जातो.

या प्रश्नाचा अभ्यास गेली साठ वर्षं जगभर होत आला आहे. त्यातून निघणारं उत्तर ‘इतके तास चांगले, तितके वाईट’ असं नाही. अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस यांतली सकाळ जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो दुपारी. म्हणून तुलना करायची ती दोन दुपारींची : शाळेत मिळणारी दुपार, आणि शाळेत न ठेवल्यास आपल्या मुलाला प्रत्यक्षात मिळेल ती दुपार. हे ध्यानात ठेवलं की संशोधनातल्या परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी उलगडतात आणि घरचा निर्णयही सोपा होतो.

बालवाडी आणि पाळणाघर

आपल्याकडे बालशिक्षणाचे दोन प्रवाह वेगवेगळ्या गरजांतून आले. पहिला शिक्षणाचा. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं, ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. या बालवाडीचा पाया माँटेसरी विचारांचा होता आणि साधनं गावातली होती. बालवाडी सकाळच्या काही तासांची असे, कारण उरलेला दिवस मूल घरी, अंगणात, माणसांत असेल हे तिथे गृहीत होतं.

दुसरा प्रवाह बाईच्या कष्टांतून आला. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामगार स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत एका बांधकामाच्या जागेवर मजूर बायांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केलं आणि त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. तिचं काम पुढे मुंबई-पुण्यातही आलं. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा झाली. बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, शिवाय पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटून येण्याची मुभाही त्यात दिली गेली.

ताराबाईंनी हे दोन्ही प्रवाह फार आधी एकत्र आणले होते. आदिवासी पाड्यांवरच्या मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण आईबाप कामावर गेले की धाकटं भावंड त्यांच्या कडेवर असतं, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी ‘विकासवाडी’ उभी केली : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलाची सोय आणि मुलाचं शिक्षण या गोष्टी तिथे वेगळ्या राहिल्या नाहीत.

आज आपण ज्याला ‘फुल डे प्रीस्कूल’ म्हणतो, तीही बाहेरून विकासवाडीसारखीच जोडणी आहे. पण बहुतेक ठिकाणी सकाळी नऊ ते बारा शाळा चालते आणि त्यानंतर त्याच इमारतीत डे-केअर. सकाळी वर्गात टीचर असतात, दुपारी मुलं मावशींच्या ताब्यात जातात. माहितीपत्रकावर फोटो सकाळचे असतात आणि जादा फी दुपारची असते. त्यामुळे पूर्ण दिवस घेताना आपण शिक्षण घेतो आहोत की राखण, हे आधी स्पष्ट करून घ्यायला हवं. राखण घेण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र चांगली राखण कशी असते ते ओळखता आलं पाहिजे.

अभ्यास काय सांगतात

या क्षेत्रातले सर्वांत नावाजलेले दोन प्रयोग अमेरिकेतले आहेत. मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ मध्ये सुरू झालेला पेरी प्रीस्कूल प्रकल्प गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या तीन-चार वर्षांच्या १२३ मुलांवर केला गेला. त्यातली काही मुलं शाळेत आली, बाकीची आली नाहीत आणि पुढे चाळिशीपर्यंत व त्यानंतरही दोन्ही गटांची आयुष्यं तपासली गेली. शाळेत आलेल्यांचं शिक्षण, कमाई, कायद्याशी येणारे संबंध, सगळं तुलनेनं बरं निघालं. ही शाळा रोज फक्त अडीच तासांची होती. मात्र तिथे पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि आठवड्यातून एकदा ती दीड तास मुलाच्या घरी जाऊन आईसोबत बसायची.

दुसरा अबेसेडेरियन प्रकल्प १९७२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सुरू झाला. तो याच्या अगदी उलट होता : तान्ह्या वयापासून पाच वर्षांपर्यंत, पूर्ण दिवस, वर्षभर. त्याचेही चांगले परिणाम प्रौढ वयापर्यंत टिकले. एक अर्धा दिवस, एक पूर्ण दिवस, आणि दोन्ही यशस्वी. दोघांत समान होती ती थोडी मुलं, शिकलेली माणसं आणि मुलाशी सतत चाललेलं बोलणं.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे तीन हजार मुलांचा मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात पूर्ण दिवस जाणारी मुलं अर्धा दिवस जाणाऱ्यांपेक्षा पुढे गेलेली दिसली नाहीत. फरक पडला तो शाळेच्या दर्जानं आणि मूल एकूण किती महिने जात होतं त्यानं. म्हणजे रोज सहा तासांची दोन वर्षं आणि रोज तीन तासांची दोन वर्षं, यांत शिकण्याच्या दृष्टीनं मोठी तफावत नव्हती.

याउलट, शिकागोतल्या अल्प उत्पन्न गटातल्या जवळपास हजार मुलांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सात तासांच्या शाळेतली मुलं तीन तासांच्या शाळेतल्या मुलांपेक्षा भाषा, गणित आणि सामाजिक वागणुकीतही पुढे होती आणि त्यांच्या गैरहजेऱ्याही कमी होत्या. कोलोरॅडोत चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगातही पूर्ण दिवस मिळालेल्या मुलांचा शब्दसंग्रह वाढलेला आढळला.

कॅनडाच्या क्युबेक प्रांताचा अनुभव आणखी वेगळा. १९९७ मध्ये तिथे दिवसाला पाच डॉलरमध्ये बालसंगोपन देण्याची योजना आली. आया मोठ्या संख्येनं कामावर गेल्या. पण मागणी झपाट्यानं वाढली आणि केंद्रांचा दर्जा सगळीकडे सारखा राहिला नाही. अर्थशास्त्रज्ञांना मुलांमध्ये चिडचिड, आक्रमकता आणि अस्वस्थता वाढलेली दिसली.

एकाच प्रश्नाची तीन उत्तरं का आली? कारण तीन ठिकाणी दुपारी वेगळ्या होत्या. शिकागोतल्या मुलांना शाळा सुटल्यावर घरी पुस्तकं, खेळणी आणि मोकळी असलेली मोठी माणसं मिळण्याची शक्यता कमी होती. शिवाय तिथे दुपारीही प्रशिक्षित शिक्षकांचीच शाळा चालू होती. क्युबेकमध्ये अनेक मुलांची घरची बरी दुपार गेली आणि तिच्या जागी मध्यम दर्जाच्या केंद्रातली दुपार आली. इंग्लंडच्या अभ्यासात सगळ्या थरांतली मुलं होती, म्हणून सरासरी फरक फारसा उरला नाही. तेव्हा एखाद्या अभ्यासाचा मथळा वाचून निर्णय घेण्यात अर्थ नाही. आपल्या मुलाची दुपार यांतल्या कोणत्या मुलांसारखी आहे, ते पाहायला हवं.

लहान शरीराची दुपार

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप हवी. दुपारची झोप यात धरलेली आहे. आता शहरातल्या घराचा हिशेब मांडून बघा. आईबाबा आठला घरी येतात, जेवणं होऊन मूल साडेदहाला झोपतं आणि सात वाजता उठवलं जातं. झाले साडेआठ तास. उरलेले दीड-दोन तास दुपारीच भरून निघायला हवेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनानं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही मुलांच्या अपुऱ्या झोपेचंच कारण होतं.

दुपारची झोप हा शिकण्याचाही भाग आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये बालवाडीच्या मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवण्याचा खेळ शिकवला. दुपारी झोपलेल्या मुलांच्या तो जास्त लक्षात राहिला. ज्या मुलांना दुपारी झोपायची सवय होती, त्यांची झोप हुकली की सकाळचं शिकलेलं निसटत होतं आणि रात्रीच्या झोपेनं ते भरून येत नव्हतं. म्हणून पूर्ण दिवसाच्या शाळेत झोपेची जागा कशी आहे, हा प्रश्न अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरी गोष्ट ताणाची. कॉर्टिसॉल हे संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि दिवस चढतो तसं उतरत जातं. संशोधक मेगन गुन्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की दिवसभर केंद्रात राहणाऱ्या अनेक लहान मुलांमध्ये ते दुपारी उतरण्याऐवजी चढतं. घरी राहिलेल्या दिवशी त्याच मुलांमध्ये तसं होत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं. वीस मुलांच्या घोळक्यात खेळणं वाटून घेणं, पाळी येईपर्यंत थांबणं, रडू आवरणं, हे त्या वयाला कष्टाचं काम आहे. सांभाळणारी माणसं प्रेमळ आणि लक्ष देणारी असली, तर हा चढ कमी असतो. दिवसभर शहाण्यासारखं राहिलेलं मूल आईला पाहताच दप्तर फेकून भोकाड पसरतं, तेव्हा ते बिघडलेलं नसतं. दिवसभर आवरून धरलेलं सगळं ते आपल्या माणसापाशी मोकळं करत असतं. त्या वेळी ‘टीचर तर म्हणाल्या, अगदी शांत होता’ असं ऐकवण्यापेक्षा त्याला दहा मिनिटं जवळ घेऊन बसणं जास्त उपयोगाचं.

घरची दुपार, जशी आहे तशी

आता घराकडे तितक्याच स्वच्छ नजरेनं पाहायला हवं. आजी-आजोबा धडधाकट आहेत, त्यांना नातवंडाचा लळा आहे, मूल त्यांच्यासोबत भाजी निवडतं, गोष्टी ऐकतं, झोपतं, संध्याकाळी खाली खेळायला जातं. अशी दुपार असेल, तर निदान चार वर्षांपर्यंत अर्धा दिवस पुरेसा आहे. आजीच्या गप्पांत जी मराठी मुलाच्या कानावर पडते, ती कोणत्याही वर्गात मिळत नाही. इंग्रजी माध्यमाची शाळा निवडलेल्या घरांनी तर ही दुपार जपलीच पाहिजे. पूर्ण दिवस न पाठवल्यानं आपलं मूल मागे पडेल, ही भीती त्या आईबाबांनी मनातून काढून टाकावी.

पण अनेक घरांत आजीचे गुडघे दुखत असतात, आजोबांना दुपारी पडायचं असतं आणि नातवंडाच्या प्रेमापोटी दोघंही तक्रार करत नाहीत. मूल मग बारा ते सहा टीव्हीसमोर किंवा मोबाइलवर असतं. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीनची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि हालचाल, खेळ निदान तीन तास, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंद फ्लॅटमधल्या दुपारी हे प्रमाण उलटं होतं. काही घरांत बारा वाजता व्हॅन मुलाला शाळेतून पाळणाघरात सोडते, तिथून संध्याकाळी मावशी घरी आणते आणि मग आईबाबा येतात. एका दिवसात चार ठिकाणं, चार माणसं, चार तऱ्हा. अशा मुलासाठी एकाच छपराखालचा, ओळखीच्या माणसांचा पूर्ण दिवस नक्कीच जास्त शांत असतो.

आईच्या नोकरीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण हा निर्णय होताना अपराधीपणाचं ओझं बहुधा तिच्याच डोक्यावर येतं. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या सरकारी अभ्यासात बाहेर जास्त तास राहिलेल्या मुलांमध्ये वागणुकीच्या तक्रारी थोड्या अधिक आढळल्या, पण त्या बहुतांशी सामान्य मर्यादेतच होत्या. चांगल्या दर्जाच्या केंद्रातल्या मुलांची भाषा जास्त विकसित होती. आणि मुलाच्या वाढीवर सर्वांत मोठा प्रभाव त्याच्या घराचाच होता, मग ते दिवसाचे कितीही तास बाहेर असो. दिवसभर नोकरी करणाऱ्या आईबापाचं घर मुलाच्या आयुष्यातून वजा होत नाही. संध्याकाळचे दोन तास आणि रविवार यांना खरोखर किंमत आहे, आणि ते तास बाबांनीही तितकेच द्यायचे आहेत.

वय पाहून

तीन वर्षांच्या आतल्या मुलाला शाळेची गरज नाही. सांभाळायला कुणी नसेल तर त्याला हवं असतं चांगलं पाळणाघर : थोडी मुलं आणि रोज तेच माणूस. या वयात सांभाळणारी व्यक्ती वरचेवर बदलणं सगळ्यांत त्रासदायक. तीन ते चार या वयात सकाळचे तीन तास पुरतात. पूर्ण दिवस ठेवायचं झाल्यास झोप आणि एकांताचा कोपरा हवाच. चार वर्षांनंतर मित्र लागतात, खेळ तासन्‌तास चालतात, आणि लांब दिवस बऱ्याच मुलांना मानवतो. तरीही स्वभाव वेगळे असतात. काही मुलांना गर्दीत उभारी येते, काही मुलं गोंगाटानं थकतात. एकाच घरातल्या दोन भावंडांना वेगळी व्यवस्था लागू शकते.

दुपारी दोन वाजता जाऊन बघा

शिक्षण हक्क कायद्यातला सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. त्याखालच्या मुलांच्या खासगी शाळांवर तितकी कडक देखरेख नाही, म्हणून पालकांची नजर जास्त मोलाची. आधार म्हणून केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणातली मानकं हाताशी ठेवावीत. शाळेचा कार्यक्रम तीन ते चार तासांचा. तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस. तीनच्या आतल्या दहा मुलांमागे एक. तीस मुलांसाठी निदान ३५ चौरस मीटरचा वर्ग आणि बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा. शिकवणं मातृभाषेतून, आणि मुलांना झोपायला वेळ. सरकारी धोरणानंच शिकवण्याचा वेळ तीन-चार तासांचा धरला आहे, हे विसरू नका. ‘दुपारच्या सत्रात फोनिक्स, अबॅकस आणि लेखनाचा सराव’ अशी जाहिरात दिसली, तर ती शाळेची जमेची बाजू धरू नये. तीन वर्षांच्या मुलाला दुपारी विश्रांती, पाणी, माती आणि गोष्ट हवी.

सकाळी शाळा पाहायला सगळेच जातात. पूर्ण दिवस घ्यायचा असेल तर दुपारी दोन वाजता आणि पुन्हा पाच वाजता जा. गाद्या-चादरी स्वच्छ आहेत का? न झोपणाऱ्या मुलाला जबरदस्तीनं पडून राहावं लागतं, की शांतपणे चित्र काढता येतं? डबा कोण भरवतं? खाल्लं नाही तर काय करतात? चड्डी ओली झाली तर मुलाला रागावतात का? टीव्ही लावलेला आहे का? मावशींचं बोलणं ऐका. त्या मुलाच्या उंचीला वाकून बोलतात, की दारातून ओरडून सांगतात? दुपारच्या मावशी किती वर्षं तिथे काम करताहेत, हे विचारा. जिथे त्यांना नीट पगार आणि प्रशिक्षण मिळतं, तिथे त्या टिकतात, आणि त्या टिकल्या की मुलाला आपलं माणूस मिळतं. पोलीस पडताळणी झाली आहे का, मूल कुणाकुणाच्या ताब्यात देतात, ताप आला तर कुणाला फोन जातो, हेही लेखी असावं. सीसीटीव्हीचा उपयोग आहे, पण पालकांना न सांगता येऊ देणारी शाळा त्याहून जास्त विश्वासाची.

प्रवेश घेतल्यावर पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ ठेवू नका. आधी तासभर, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत, असं दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या. सुरुवातीचं रडणं स्वाभाविक आहे. मात्र महिना-दीड महिन्यानंतरही मूल खात नसेल, झोपेत दचकत असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर तास कमी करा किंवा जागा बदला. घेतलेला निर्णय वर्षभर निभावलाच पाहिजे असा नियम नाही.

एवढं सगळं निवडता येणं हीसुद्धा आज थोड्यांच्याच वाट्याला येणारी गोष्ट आहे. आपल्या घरी धुणंभांडी करणाऱ्या ताईंना, इमारतीवर विटा वाहणाऱ्या बाईला अर्धा की पूर्ण दिवस असा पर्यायच नसतो. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ताराबाईंनी रुजवलेलं ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचलं. पण अंगणवाडी काही तासांत सुटते आणि आईचं काम संध्याकाळी संपतं. अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची सरकारी ‘पालना’ योजना आता आली आहे. ती आपल्या वॉर्डात, आपल्या गावात किती ठिकाणी चालते, हे नगरसेवकाला आणि ग्रामसभेत विचारायला हवं. आपल्या कंपनीत कायद्यानं सांगितलेलं पाळणाघर आहे का, हे बाबांनीही एचआरला विचारायला हवं. आपल्या मुलासाठी आपण ज्या बारकाईनं दुपार निवडतो, तशी चांगली दुपार प्रत्येक मुलाला मिळावी, हा आग्रह धरणंही पालकांचंच काम आहे.